भूल आणि रक्तातील जंतुसंसर्ग
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत भूलतज्ज्ञांनी केलेले भाषण)



शस्त्रक्रियेनंतर रुग्णास ताप चढला की नातेवाईक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, भूल बाधली का?" पूर्वी मी 'नाही' म्हणून पुढे जात असे. परंतु हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, १८८८ व १८८९ साली, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेचा तपास करण्यासाठी हैदराबादेत दोन आयोग बसले. भुलेमध्ये श्वास आधी थांबतो की हृदय, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. जंतूंचा विचार नंतर आला. १९११ साली अमेरिकेतील इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी दाखविले की, ईथरची भूल दिल्यावर पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची शक्ती काही काळ मंदावते.

ईथर मागे पडले. आज आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन ही हुंगविण्याची औषधे आहेत. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटते आणि मगच संसर्गाच्या जागी उतरते. ज्या प्रथिनांच्या आधारे ती चिकटते, त्यांपैकी एकास ही औषधे बिलगतात. निरोगी माणसाच्या तासाभराच्या शस्त्रक्रियेत याची चिंता करण्याचे कारण नाही. ज्याच्या रक्तात जंतू आधीच शिरले आहेत, त्याच्याबाबत मात्र विचार करावा लागतो.

तरीही यास सरळ दोष म्हणता येत नाही. सेप्सिसमध्ये जंतूंइतकाच शरीराचा स्वतःचा बेफाम प्रतिकारही घातक ठरतो, आणि तो शांत होणे हिताचे असू शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आतड्यास छिद्र पाडलेले उंदीर अशा भुलेमुळे अधिक संख्येने वाचले. उंदरांचा निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लावता येत नाही, हेही खरे.

आमच्यापुढे प्रत्यक्षात येतो तो ऊसतोडीच्या फडावर दोन-तीन दिवस पोटदुखी अंगावर काढलेला मजूर. आतडे फुटलेले, रक्तदाब खालावलेला. कंबरेत इंजेक्शन देऊन भूल द्यावी, तर रक्तदाब आणखी कोसळण्याची भीती. शस्त्रक्रिया लांबवावी, तर पू पोटातच राहतो. अशा वेळी पूर्ण भूल द्यावीच लागते, आणि माझ्या मते ती द्यावीच. आपल्या हाती उरते ते एवढेच: प्रतिजैविकापूर्वी रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेणे, प्रतिजैविक चीर देण्याआधी सुरू करणे, रुग्णाचे अंग गार पडू न देणे आणि भूल गरजेपेक्षा जास्त वेळ न लांबविणे. कल्चरचा अहवाल येण्यास एक-दोन दिवस, कधी अधिक लागतात. तोवर उपचार अंदाजानेच चालतो.

येथे नातेवाइकांची मोठी मदत होते. थंडी वाजून ताप केव्हा आला, लघवी केव्हापासून कमी झाली, आधी कोणते इंजेक्शन घेतले, हे शस्त्रक्रियेपूर्वी मला सांगावे. गावातील डॉक्टरांची चिठ्ठी हरवली असेल, तर औषधाचे रिकामे पाकीट आणले तरी चालेल.