काटा कोणाच्या हातात?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘दक्षिण वेल्सच्या कोळसा कामगार संघटनेचा इतिहास’. वाफेचं इंजिन, औद्योगिक क्रांती हे आपण सगळे शाळेत शिकलोय, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की १९१३ साली तिथल्या अरुंद खोऱ्यांतून सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला आणि सव्वादोन लाखांवर माणसं त्या कामाला होती. कार्डिफ, बॅरी ही बंदरं याच कोळशावर मोठी झाली.

संघटनेचा इतिहास म्हटला की लोक संपांच्या तारखा सांगतात. माझं म्हणणं असं की तो इतिहास समजायचा तर आधी खाणीच्या तोंडाशी, काट्यापाशी उभं राहावं लागतं.

कोळसा फोडणाऱ्याला मजुरी टनावर. तो खाली अंधारात गाडी भरायचा, गाडी वर जायची आणि वर मालकाचा माणूस ती तोलायचा. ज्याच्या घामाचं वजन व्हायचं तो शेकडो फूट खाली. शिवाय पैसे मोठ्या ढेपांचेच. बारीक कोळसा चाळून त्याचं वजन मजुरीतून वगळणारं एक यंत्रही होतं. तो बारीक कोळसा मालक विकायचे, पण फोडणाऱ्याला त्याचं काही मिळत नसे.

(श्रोत्यांतून : ‘आमच्या उसाचा काटा सांगा!’ हशा, टाळ्या.)

सांगतो, तिकडेच यायचंय. त्याआधी कायदा. १८६० च्या कायद्यानं कामगारांना काट्यावर स्वतःचा तोलणार नेमायची मुभा दिली. पण तो त्याच खाणीचा नोकर असला पाहिजे, ही मेख होती. मालकानं नोकरीवरून काढला की तोलणारही गेला. १८८७ च्या कायद्यानं ती मेख उपटली. कामगार निवडतील तो तोलणार, आणि त्याचा पगार कामगारांच्याच मजुरीतून. मंडळी, या एका तरतुदीला मी दहा संपांच्या बरोबरीनं मोजतो. मालकाच्या आवारात उभा असलेला, पण मालकाच्या पगारावर नसलेला माणूस! गावातला पहिला निर्भय माणूस तोच असायचा. म्हणून पुढारीही याच जागेवरून तयार झाले.

आर्थर हॉर्नरचं उदाहरण घ्या. हा ऱ्होंडा खोऱ्यातला तरुण. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत जायला त्यानं नकार दिला, डब्लिनला जाऊन आयरिश नागरिक सेनेत सामील झाला. परत येताना पकडला गेला, तुरुंगात पडला. अशा माणसाला कोणता खाणमालक कामावर घेईल? पण मार्डी खाणीच्या कामगारांनी १९१९ साली, तो तुरुंगात असतानाच, त्याला आपला तोलणार म्हणून निवडलं! (टाळ्या) मालकाला तो नकोच होता, पण कायदा कामगारांच्या बाजूनं होता. पुढे १९३६ मध्ये हाच हॉर्नर सबंध संघटनेचा अध्यक्ष झाला. नोआ ॲब्लेट, तोही मार्डीचाच तोलणार. त्याच्या आणि सोबत्यांच्या विचारांवर आणखी तासभर बोलता येईल, पण आयोजक घड्याळाकडे बघताहेत.

संघटना रीतसर उभी राहिली ऑक्टोबर १८९८ मध्ये, आणि तीही पराभवानंतर. कोळशाच्या विक्रीदराप्रमाणे मजुरी खालीवर करण्याची पद्धत १८७५ पासून होती. ती मोडायला कामगार उठले, मालकांनी खाणी बंद ठेवल्या, पाच-सहा महिने लोक अर्धपोटी राहिले आणि हरले. महिन्याच्या पहिल्या सोमवारची सुट्टीसुद्धा गेली. वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या छोट्या संघटनांना तेव्हा कळलं की सुटंसुटं राहून निभाव लागणार नाही. मेबन या नावानं ओळखले जाणारे विल्यम अब्राहम पहिले अध्यक्ष झाले. तडजोडीचा माणूस. सभेत गोंधळ झाला की भरदार आवाजात स्तोत्र सुरू करायचे आणि सभा त्यांच्या मागून गाऊ लागायची.

१९१० साली टॉनीपँडीला दंगल झाली, चर्चिल गृहमंत्री होते, सैन्य पाठवलं, हे सगळे सांगतात. पण भांडण मुळात कशावरून होतं? एली खाणीतल्या नव्या थरात कोळशामध्ये दगडाचा पट्टा होता. दगड काढण्यात दिवस जायचा आणि दगड काट्यावर चढत नाही! कामगार टनाला अडीच शिलिंग मागत होते, कंपनी पावणेदोन देत होती. छताला टेकू लावणं, पाणी उपसणं, दगड हलवणं, ही मेहनत वजनात येत नाही, म्हणून किमान मजुरी हवी. ती मागणी देशभर पेटली. १९१२ मध्ये दहा लाखांच्या आसपास खाणकामगार संपावर गेले आणि किमान मजुरीचा कायदा झाला.

काट्यावर न चढणारी आणखी एक गोष्ट म्हणजे धूळ. १४ ऑक्टोबर १९१३ ला सेंघेनिथच्या खाणीत स्फोट झाला, कोळशाच्या धुळीनं तो खाणभर पसरला. ४३९ खाणकामगार आणि एक बचावकर्मी गेला. व्यवस्थापकाला दंड झाला २४ पौंड. हा आकडा वाचताना मला आजही संताप येतो. तीच धूळ छातीत साठून माणसं मरत होती, त्या आजाराला भरपाई मिळण्यासाठी संघटनेला १९४३ पर्यंत झगडावं लागलं.

(चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? बरं, पाच.)

मग १९२६ भरभर. मालकांनी मजुरी कापायला खाणी बंद केल्या, त्यांच्या पाठिंब्यासाठी पुकारलेला देशव्यापी संप नऊ दिवसांत मिटला, खाणकामगार हिवाळ्यापर्यंत एकटे लढले. त्यांच्या बाजूनं हाइड पार्कमध्ये बोलल्याबद्दल दोन महिने तुरुंगात गेलेला खासदार मुंबईत जन्मलेला होता, शापुरजी सकलातवाला. १९४५ मध्ये संघटना राष्ट्रीय संघटनेत विलीन झाली, १९४७ ला खाणी सरकारच्या झाल्या. १९८४-८५ चा संप तुमच्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचला असेल, तो सोडतो.

आता ऊस. मघाशी काटामारीवर, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवण्यावर, टाळ्या पडल्या, त्या योग्यच होत्या. पण त्याच काट्यावर आणखी एकाची मजुरी ठरते. बीडकडून येणारा तोडणी मजूर. त्यालाही पैसे टनावर. गाडी काट्यावर जाते तेव्हा तो फडात असतो. पाचट साफ करणं, मोळ्या बांधणं, चिखलातून वाहून नेणं, यातलं वजनात काय येतं?

(श्रोत्यांतून : ‘त्याचा हिशेब मुकादम बघतो!’)

हो ना. आणि मुकादमाचा हिशेब कोण बघतो? रागावू नका, मीही ऊस लावणाऱ्या घरातलाच आहे. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कारखान्याच्या काट्यावर तोडणी मजुरांनी निवडलेला तोलणार असावा, त्याचा पगार मजुरांच्या वर्गणीतून व्हावा आणि त्याला हटवायचा अधिकार कारखान्याला नसावा. शेतकऱ्यांनाही असाच माणूस हवा असेल तर दोघांनी मिळून नेमा. वेळ संपली आहे. मी सभागृहातच थांबतोय, कारखान्याचे कोणी संचालक आले असतील तर त्यांनी आधी भेटावं.