मोटारीच्या ब्रेकांचा मेंदू



मोटार पळविण्यापेक्षां ती वेळेवर थांबविणें अधिक कठीण. मांजरसुंभ्याचा घाट उतरतांना, किंवा धारूरच्या घाटांत समोरून उसानें भरलेलें वाहन आलें असतां, या विधानाची प्रचीति येते. त्यांतून पाऊस पडून आमच्या बीड जिल्ह्याची काळी माती सडकेवर पसरलेली असली, म्हणजे ब्रेक जोरानें दाबतांच चाकें जागच्या जागीं अडकतात व गाडी घसरूं लागते. मग सुकाणूं कितीही फिरविलें तरी गाडी वळत नाहीं.

ही आपत्ति टाळण्याच्या यंत्रणेस एबीएस म्हणतात. १९७८ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीझ-बेंझ मोटारींत आली. चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. चाक अडकूं लागलें कीं त्याची वार्ता मॉड्यूल नांवाच्या पेटीस पोंचते. ती झडपांकरवीं त्या चाकावरील तेलाचा दाब क्षणभर कमी करते व पुन्हां वाढविते. एका सेकंदांत हें अनेकदां घडतें. म्हणूनच पायाखालीं पेडल थरथरतें. भारतांत १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना ही यंत्रणा सक्तीची झाली. मात्र सुट्या खडीवर ती गाडी लवकर थांबवीलच, असा भरंवसा धरूं नये.

आतां मुख्य मुद्दा. एबीएसचा पिवळा दिवा पेटून राहिला, कीं 'मॉड्यूलच काढून टाकूं' असें सुचविणारे कारागीर भेटतात. तेथें घाई करूं नये. पुष्कळदां दोष पेटींत नसून मळलेल्या सेन्सरांत, तुटलेल्या तारेंत किंवा जळालेल्या फ्यूजमध्यें असतो. आधीं स्कॅनर लावून दोषाचा संकेत वाचून घ्यावा.

पेटीच सदोष ठरली, तर किल्ली बंद करून बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. मोठा प्लग त्याची खिट्टी उचलून काढावा. तारा ओढूं नयेत. अनेक गाड्यांत पेटी तेलाच्या ठोकळ्यास स्क्रूंनीं जोडलेली असते. असे स्क्रू काढून ती सरळ रेषेंत ओढावी. तिरकी ओढल्यास आंतील वेटोळीं दुखावतात. येथें ब्रेकच्या नळ्यांना हात लावावा लागत नाहीं. मात्र ठोकळाही काढला, तर नळ्यांत हवा शिरते. ती पुरती बाहेर काढल्याविना गाडी रस्त्यावर आणूं नये. नवी पेटी बहुतेक वेळां त्या गाडीच्या नोंदीशीं जुळवूनही घ्यावी लागते.

पेटी काढली तरी साधे ब्रेक बहुधा चालतात. म्हणूनच लोक फसतात. पुढील व मागील चाकांत दाबाची वांटणी करण्याचें कामही कित्येक गाड्यांत तीच पेटी करते. तें काम थांबल्याचें घाटांतील वळणावर कळून उपयोग काय?

जुनी गाडी घेणाऱ्या गृहस्थांनीं एक खूण ध्यानांत ठेवावी. किल्ली फिरवितांच एबीएसचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. तो मुळींच पेटत नसेल, तर कोणीतरी दिवाच बंद केला असल्याचा संशय घ्यावा. दिवा विझविणें निराळें आणि दोष दूर करणें निराळें. गाडींत आपलीं मुलेंबाळें बसतात, एवढें स्मरून कारागिराला दुसरी गोष्ट करावयास सांगावें.