'घरकाम' या शब्दाविषयी



भाषेच्या प्राध्यापकाने कामगार कायद्यावर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु कायदा हाही शब्दांचाच संसार असतो. त्यातील 'घरकाम' या एका शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. चूल, धुणे, पाणी यांना आपण घरकाम म्हणतो आणि त्यास मोल नसते. आपल्या निपाणीची बाई त्याच उंबऱ्याआत मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. हे काम हजारी दराने मोजले जाते. तरी छप्पर एकच, म्हणून त्यालाही पहिल्याची अवकळा येते.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही गफलत ओळखली. घरी विड्या वळणारीस त्याने कामगार मानले, प्रसूतिलाभही तिला लागू केला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. व्यवहारात मात्र कारखानदार आणि ती यांच्यामध्ये ठेकेदार उभा असतो. पाने नि तंबाखू तोच देतो, विड्या नापासही तोच करतो. प्रसूतिलाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचे काम दाखवावे लागते. ती नोंदही त्याच्याच वहीत! नोंद नसेल तर कायद्याचे कलम तिच्या काय कामाचे?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. पण हा भार मोठ्या अंशी सरकारने सोसावा, असेही मत मांडले. ते मत मागे पडले. १९६१ च्या कायद्याने दिलेली १२ आठवड्यांची रजा २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. राज्य विमा योजनेबाहेर तिचा सारा खर्च मालकाकडे राहिला. मग मालक हिशेब करतो आणि पुरुष नेमतो. रजा कमी करा, असे मी म्हणत नाही. भुर्दंड कोणाच्या माथी, एवढेच विचारतो.

सामायिक निधीची वाट आपल्याला अपरिचित नाही. १९७६ च्या कायद्यान्वये विडीवरील उपकरातून कामगारांच्या दवाखान्यांना, मुलांच्या शिष्यवृत्त्यांना पैसा मिळे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर संपला. त्या विडीवरचा नवा कर सरकारी तिजोरीत जातो. त्यातील ठरावीक वाटा तिच्या प्रसूतीसाठी राखून ठेवण्यात मला तरी अडचण दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. प्रसूतिलाभाचा भार त्यांतही मुख्यतः मालकावरच आहे. निपाणीत त्या कितपत पोचल्या, हे पाहायला आपल्यापैकी कोणी गेलेच, तर ठेकेदाराला भेटण्याआधी त्या बाईला तिच्या हातातली नोंदवही दाखवायला सांगावे.