हत्तीरोग : रात्रीचे रक्त की पट्टी?



भंडारा-गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखात हत्तीरोग नवा नाही. आता नवे रोगी कमी दिसतात, मग रक्त तपासायचे कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. खरे तर रोग कमी झाला की तो शोधणेच अवघड होते.

या रोगाचे बारीक जंतू दिवसा फुप्फुसात दडतात आणि रात्री अंगभर रक्तात फिरतात. म्हणून कर्मचारी रात्री येऊन बोटाचे रक्त काचेवर घेतात. रोवणीच्या दिवसांत थकलेला माणूस नऊलाच झोपतो हे मान्य. पण जंतू काही आपली वेळ बदलत नाही! सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला तर शंकाच उरत नाही. मात्र जंतू विरळ असले, तर त्या थेंबात एकही न येण्याचा संभव असतो.

दुसरी तपासणी पट्टीची. थेंबभर रक्त केव्हाही द्या, 10 मिनिटांत निकाल. ती अंगातल्या मोठ्या कृमीची खूण ओळखते, म्हणून काचेवर सुटलेला रोगीही सापडतो. पण औषधाने कृमी मेल्यावरही ती खूण काही काळ रेंगाळते. शिवाय समजा, हजार वस्तीच्या गावात खरे रोगी 5 आणि पट्टी शंभरात एकदा चुकते. तर सुमारे 10 निरोगी माणसे रोगी ठरतील. म्हणून पट्टीवर रेघ उमटलेल्यांचे रक्त रात्री पुन्हा घेतात.

तेव्हा रेघ उमटली म्हणून कुणाची सोयरीक मोडू नका. आणि रात्री दार वाजले तर पाय सुजलेला नसला तरी बोट पुढे करा.