सायकलची वाट आणि ग्रामपंचायत

डोंगरी सायकलींसाठी कोकणात नवे मार्ग बांधावेत, अशी मागणी वारंवार कानी येते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. अलिबागहून मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि पुढे दापोली-गुहागरकडे जाणारी वाट आहेच. खाडी आडवी आली की सायकल फेरीबोटीत चढवावी : आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे.

खरा प्रश्न या रस्त्यालगतच्या, रानातून जाणाऱ्या कच्च्या वाटांचा आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी ही भूमी. सरळ उतरणाऱ्या वाटेवर चाकोरी पडली की पाणी तिचाच ओहोळ करते. म्हणून वाट उताराला आडवी, वळणे घेत न्यावी आणि दरीच्या बाजूस किंचित कलती ठेवावी. म्हणजे पाणी वाटेवरून न धावता तिला ओलांडून जाते. यास यंत्रसामग्री नको. कुदळ, फावडे आणि पहिल्या सरीत वाट पाहून येणारा जाणता माणूस पुरे. असा माणूस गावात असतो. अंदाजपत्रकात मात्र त्याच्यासाठी रकाना नसतो!

मुरूडनजीकचे फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीवाचून शिरू नये. वेळासच्या किनाऱ्यावर तर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेथे वाळूवर चाक नकोच. सायकल गावातील रस्त्यानेच न्यावी, आणि तसे सांगणारा फलक ग्रामपंचायतीने पर्यटक येण्यापूर्वीच उभारावा.