नेपाळची नात, ग्वाल्हेरची राजमाता
(मोहने येथे महिलांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मोहने-आंबिवली परिसरात नेपाळ म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक पशुपतिनाथाची यात्रा आणि दुसरा, रात्री काठी आपटीत व शिट्टी वाजवीत गस्त घालणारा गुरखा. नेपाळशी रक्ताचे नाते असलेली एक मुलगी मराठी घराण्यात सून म्हणून आली आणि पुढे भारताच्या राजकारणात चार दशकांहून अधिक काळ वावरली, याचा मात्र सहसा विसर पडतो. ती मुलगी म्हणजे राजमाता विजयाराजे शिंदे.

त्यांचे माहेरचे नाव लेखा दिव्येश्वरी. जन्म १२ ऑक्टोबर १९१९, सागर येथे. वडील महेंद्रसिंह ठाकूर संयुक्त प्रांतात सरकारी अधिकारी होते, तर आई नेपाळच्या राणा घराण्यातील. त्या काळी नेपाळात राजा नामधारी होता व सत्ता राणांच्या हाती होती. पंतप्रधानपद घराण्यातच भावाकडून भावाकडे जाई, आणि त्यासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठे. लेखाचे आजोबा खड्ग शमशेर हे १८८५ च्या सत्तापालटातील एक प्रमुख; पण दोनच वर्षांत थोरले बंधू वीर शमशेर यांनी त्यांना काठमांडूबाहेर काढले. पाल्पा येथे असताना त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ काली गंडकीच्या काठी बांधलेला राणीमहाल आजही उभा आहे. पुढे ते नेपाळ सोडून सागरला स्थायिक झाले. लेखाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली आणि आजीने तिला वाढविले. सत्ता म्हणजे काय आणि ती गेली म्हणजे काय होते, हे त्या घरात कोणी वेगळे शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

काशी आणि लखनौ येथे शिक्षण झाले. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्याशी विवाह झाला. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. महाराजांनी मराठ्यांबाहेरची मुलगी करावी, हे दरबारातील अनेक सरदारांना रुचले नव्हते. मराठी रीतीप्रमाणे लग्नात नाव बदलले व लेखाची विजयाराजे झाली. नाव एका दिवसात बदलते, माणसे आपलीशी व्हायला वर्षे लागतात. सासरी गेलेल्या प्रत्येक स्त्रीला हे ठाऊक असते! मुलींसाठी त्यांनी १९५६ साली ग्वाल्हेरला शिंदे कन्या विद्यालय उभे केले.

राजकारणात त्या आल्या त्या काहीशा अनिच्छेनेच. संस्थाने विलीन झाली, जिवाजीराव मध्य भारताचे राजप्रमुख झाले. महाराजांचा ओढा हिंदू महासभेकडे आहे, असा दिल्लीत समज होता. तो दूर करण्यासाठी विजयाराजे पंडित नेहरूंना भेटल्या आणि परतल्या त्या काँग्रेसची उमेदवारी घेऊनच. १९५७ मध्ये गुना मतदारसंघात त्यांनी हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे यांचा पराभव केला. ज्या विचाराशी त्यांचे नाव पुढे कायमचे जोडले गेले, त्याच विचाराच्या उमेदवाराला हरवून त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ झाला! १६ जुलै १९६१ रोजी जिवाजीरावांचे निधन झाले. वैधव्यानंतर अवघ्या काही महिन्यांत त्यांनी १९६२ ची निवडणूक ग्वाल्हेरमधून जिंकली.

खरी कसोटी १९६६-६७ ची. त्या वर्षी बस्तरचे प्रवीरचंद्र भंजदेव पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ग्वाल्हेरमध्ये विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचा संघर्ष विकोपाला गेला. त्यांनी काँग्रेस सोडली. १९६७ च्या निवडणुकीत गुना येथून स्वतंत्र पक्षाच्या आणि करेरा विधानसभेत जनसंघाच्या तिकिटावर त्या उभ्या राहिल्या. दोन्ही जागा जिंकल्या व लोकसभेची सोडली. जुलैमध्ये काँग्रेसचे ३६ आमदार गोविंद नारायण सिंह यांच्यासह फुटले आणि मिश्रांचे सरकार कोसळले. संयुक्त विधायक दलाच्या नेत्या विजयाराजे होत्या. त्यांनी मनात आणले असते तर मुख्यमंत्रिपद दूर नव्हते. त्या पदावर गोविंद नारायण सिंह बसले. आमदार फोडून सरकार पाडण्याचा हा मार्ग निर्मळ होता, असे म्हणता येणार नाही. ते सरकार १९६९ पर्यंतच टिकले. पण ज्या घरात पदासाठी भावाने भावाला देशोधडीला लावले, त्या घरची नात पद समोर असताना बाजूला राहिली, ही नोंद विसरता येत नाही. पुढे जनसंघाचे अध्यक्षपदही त्यांनी नाकारले.

१९७१ मध्ये इंदिराजींची लाट होती. तरीही भिंडमधून विजयाराजे, गुनामधून पुत्र माधवराव आणि ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी असे तिघेही जनसंघाचे उमेदवार विजयी झाले.

मग आणीबाणी आली. आपल्या ठाणे जिल्ह्यातील जुन्या मंडळींना येरवड्याच्या आठवणी आहेत. रामभाऊ म्हाळगी तेथून सुटून १९७७ मध्ये ठाण्याचे खासदार झाले. राजमातांना दिल्लीच्या तिहार कारागृहात ठेवण्यात आले. जयपूरच्या गायत्रीदेवीही तेथेच होत्या. ज्या स्त्रियांच्या दिमतीला शेकडो नोकर होते, त्या सामान्य बंदिवानांच्या शेजारी राहिल्या.

माधवराव मात्र त्या काळात नेपाळला गेले. भगिनी उषाराजे यांचे सासर तेथेच, राणा घराण्यात. आईच्या आजोळचेच ते घराणे. परतल्यावर त्यांचा मार्ग वेगळा झाला. १९७७ ला ते अपक्ष उभे राहिले, १९८० पर्यंत काँग्रेसमध्ये गेले. ज्या सत्तेने आईला कारागृहात ठेवले, त्याच सत्तेच्या पक्षात मुलगा! त्याच वर्षी राजमाता रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि मोठ्या फरकाने हरल्या. नव्याने स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाच्या त्या उपाध्यक्ष झाल्या. एका घरातील दोन पिढ्या समोरासमोरच्या दोन पक्षांत उभ्या राहिल्या. आई-मुलाचा दुरावा मालमत्तेच्या वादापर्यंत गेला आणि वृत्तपत्रांना विषय मिळाला. त्यात दोष कोणाचा, याचा निवाडा बाहेरच्यांनी करू नये.

त्यांची सर्वच मते सर्वांना पटण्यासारखी नव्हती. देवराळा प्रकरणानंतर सतीप्रथेविषयी त्यांनी घेतलेली भूमिका स्त्रियांच्या सभेत तरी समर्थनीय ठरणार नाही. अयोध्येच्या आंदोलनात त्या अग्रभागी होत्या आणि ६ डिसेंबर १९९२ नंतरच्या खटल्यात त्यांचेही नाव आले. मतदारांनी मात्र १९८९ पासून १९९८ पर्यंत सलग चार वेळा गुनामधून त्यांना निवडून दिले. आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यांच्या काळी असे आरक्षण नव्हते. होती ती राजघराण्याची पुण्याई, आणि ती जन्माने नव्हे, लग्नाने मिळालेली. त्या पुण्याईवर पहिली निवडणूक जिंकता येते, अखेरची नाही.

२५ जानेवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्राने आपले अंत्यसंस्कार करू नयेत, असे त्यांनी १९८५ साली स्वहस्ते लिहून ठेवल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. ग्वाल्हेरला चितेला अग्नी दिला तो माधवरावांनीच. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला विमान अपघातात माधवरावही गेले.