पाच सेंटांचे तिकीट

न्यूयॉर्क शहराची भुयारी रेल्वे 1904 सालच्या 27 ऑक्टोबरला उतारूंसाठी खुली झाली. सिटी हॉलपासून 145व्या रस्त्यापर्यंत सुमारे नऊ मैलांचा तो मार्ग. कोठेही चढावे, कोठेही उतरावे, भाडे एकच, पाच सेंट. हे भाडे पुढे जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे तसेच राहिले. ही स्वस्ताई त्या शहराला किती फळली आणि किती भोवली, याचा हिशेब उद्बोधक आहे.

प्रथम फळाचा विचार करू. त्या काळी मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागातील चाळींत परदेशांहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची विलक्षण दाटी होती. कामावर पायी जाता येईल तेथेच बिऱ्हाड करणे त्यांना भाग होते. रेल्वे झाली आणि हे बंधन सुटले. भाडे अंतराबरोबर वाढत नसल्यामुळे दूर राहणाराला भुर्दंड पडेना. ब्राँक्स, ब्रुकलिन, क्वीन्स या भागांत मार्ग पोहोचले, तशी त्यांच्यामागोमाग वस्तीही गेली, आणि हजारो घरांना उजेड व मोकळी हवा लाभली.

आता दुसरी बाजू. मार्ग शहराच्या मालकीचे, पण ते चालविण्याचा मक्ता खाजगी कंपन्यांकडे, अशी व्यवस्था होती. 1913 साली दोन कंपन्यांशी मोठे करार झाले व त्यांत पाच सेंटांचे भाडे कायम करण्यात आले. परंतु लवकरच पहिले महायुद्ध पेटले. 1914 ते 1920 या काळात अमेरिकेतील महागाई सुमारे दुप्पट झाली. मजुरी वाढली, कोळसा वाढला. भाडे मात्र जागच्या जागी! महापौर जॉन हायलन यांनी तर पाच सेंटांचे रक्षण हेच आपले ब्रीद केले. एका कंपनीने सात सेंटांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. 1929 साली तेथेही तिला अपयश आले. 1940 साली दोन्ही कंपन्यांचे मार्ग शहराने विकत घेतले, आणि तुटीचा बोजा शहराच्या तिजोरीवर आला. अखेर 1 जुलै 1948 रोजी भाडे दहा सेंट झाले.

तोवर डबे जुने झाले होते आणि दुरुस्त्या तुंबल्या होत्या. सेकंड अॅव्हेन्यूखालील मार्गाची योजना 1929 सालची. तिच्यासाठी 1951 साली मतदारांनी पन्नास कोटी डॉलरांच्या कर्जास संमतीही दिली; पण तो पैसा जुन्या मार्गांच्या डागडुजीत खर्ची पडला. त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरू व्हावयास 2017 साल उजाडले. स्वस्त तिकिटाची उरलेली किंमत अशा रीतीने नातवंडांनी चुकविली.

मग स्वस्त भाडे हीच चूक होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या सोयीने सारे शहर जगते, तिचा सगळा खर्च उतारूनेच सोसावा, असा काही नियम नाही. चूक होती ती उरलेला खर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न टाळण्यात. त्या प्रश्नाचे एक उत्तर 2025 सालच्या 5 जानेवारीस पुढे आले. मॅनहॅटनच्या 60व्या रस्त्याच्या दक्षिणेस शिरणाऱ्या मोटारींवर गर्दीच्या वेळी नऊ डॉलरांचा कर बसला, आणि त्याचे उत्पन्न रेल्वे व बसच्या सुधारणेसाठी राखून ठेवण्यात आले. स्वस्ताईचे वचन देणे सोपे असते; ते पाळावयाचे, तर पैसा कोठून यावयाचा हेही त्याच दमात सांगावे लागते.